ग्रायंडर विकू नका, पण आधी गार्ड परत बसवा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, दुसऱ्यांदा वाचताना अंगावर काटा आला, कारण ग्रायंडरच्या फुटलेल्या चकतीचा तो तुकडा दोन बोटं अलीकडून गेला असता तर आज आपण ग्लोव्ह्जबद्दल नाही, डोळ्याबद्दल बोलत असतो.

मला जे समजलं ते आधी सांगतो, चुकलं असेल तर दुरुस्त करा. सावंतवाडीजवळ तुमचं घर, पावसाच्या आत गच्चीवर पत्र्याचं शेड घालायचंय, फॅब्रिकेटर मजुरी फार सांगतोय म्हणून स्वतःच ८५० वॅटचा ४ इंची ग्रायंडर, म्हणजे चकतीने लोखंड कापायचं-घासायचं हातातलं मशीन, आणला. दीड इंची स्क्वेअर पाईप दोन प्लास्टिकच्या स्टुलांवर आडवा ठेवून मधोमध कापत होता, एक टोक मुलाने धरलं होतं. काप संपत आला आणि चकती अडकली, मशीन हातातून उसळलं, चकती फुटली. गार्ड, म्हणजे चकतीवरचं पत्र्याचं झाकण, काढलेलं होतं, कारण दुकानवाला म्हणाला की गार्ड असलं की काप दिसत नाही. आता तुम्ही विचारताय की ग्लोव्ह्ज कुठले घ्यावेत, ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, लावायलाच पाहिजे का, आणि प्लायवूड कापायला याच मशीनला लाकडाचं ब्लेड चालेल का. आणि वहिनी म्हणतायत विकून टाका.

मी कोल्हापूरच्या बाजूला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप चालवतो, गेट, ग्रिल, जिने, शेड असलं काम, २६ वर्षं झाली. ग्रायंडर रोज हातात असतो. वहिनींची भीती अगदी बरोबर आहे, पण माझ्या मते मशीन विकायची गरज नाही. फक्त तुम्ही जे विचारलंय त्याच्या आधीचा प्रश्न राहून गेलाय, की चकती मुळात अडकली का. ग्लोव्ह्ज, गॉगल ही सगळी अडकल्यानंतरची गोष्ट. अडकूच नये हे मशीन चालू करायच्या आधी ठरतं, पाईप कसा ठेवलाय, तुटणारा तुकडा कुठे जाणार, तुम्ही कुठे उभे आहात, यावर. एकदा बटण दाबलं की तुमच्या हातात फार थोडं उरतं.

तुमचा पाईप, तुमचं वायरिंग मी बघितलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच तपासाव्या लागतील, त्या त्या ठिकाणी तसं सांगतो.

आता अडकणं. गावाकडे लहानपणी दोन दगडांवर ओंडका ठेवून करवतीने मधे कापलंय का कधी? अर्ध्याच्या खाली गेलं की करवत चावते, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. कारण ओंडका आपल्या वजनाने मधे खाली वाकतो आणि कापाचं वरचं तोंड मिटतं. तुमच्या पाईपाचं अगदी तेच झालं. दोन टोकांना आधार, मधे पोकळी, काप जसजसा खोल गेला तसतसा पाईप मधे बसला आणि चकतीला चिमटीत धरलं. त्यात मुलाच्या हातातलं टोक थोडं जरी खालीवर झालं असेल तर अजून भर. हाताने धरलेलं टोक स्थिर कधीच नसतं, मोठ्या माणसाचंही नसतं.

फरक एवढाच की करवत चावली की नुसती थांबते, ग्रायंडर थांबत नाही. ४ इंची मशीन मिनिटाला ११ हजाराच्या आसपास फेरे मारतं. १०० मिलिमीटरच्या चकतीचा घेर ३१४ मिलिमीटर, म्हणजे हिशोब केला तर तिची कड सेकंदाला ५७ मीटर पळते, ताशी २०० किलोमीटरच्या वर. काहीतरी बिघडलंय हे कळून दचकायलाच माणसाला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात चकतीचे चाळीसच्या वर फेरे झालेले असतात. म्हणून ‘मी घट्ट धरलं होतं’ याला फार अर्थ नाही. आमच्याकडे तालमीतला पोरगा होता कामाला, मनगट असं की बघत राहावं, त्याच्याही हातातून मशीन सुटलेलं मी बघितलंय.

मग ठेवायचं कसं. जिथे कापायचंय ती खूण आधाराच्या बाहेर आली पाहिजे. पाईपाचा जो भाग तुम्हाला हवाय तो टेबलावर किंवा घोडीवर, दोन सी-क्लॅम्पने आवळून, आणि तुटून पडणारा भाग बाहेर लोंबता. असं केलं की बाहेरचा भाग आपल्या वजनाने खाली झुकतो आणि काप मिटायच्या ऐवजी उघडत जातो, चकती मोकळी राहते. लोंबणारा भाग फार लांब असेल, समजा सहा-सात फूट, तर त्याच्याखाली एक आधार ठेवा पण टेबलापेक्षा बोटभर खाली, म्हणजे तुकडा तुटला की बोटभरच खाली जाऊन टेकतो, धाडकन पायावर पडत नाही. प्लास्टिकचं स्टूल नको. ते सरकतं, आणि ठिणग्यांनी वितळतं ते वेगळं.

स्क्वेअर पाईप एका दमात आरपार कापू नका. खडूने किंवा मार्करने चारही बाजूंना गुण्याने, म्हणजे काटकोनाच्या पट्टीने, रेघ मारा, एक बाजू कापा, पाईप फिरवा, दुसरी कापा. पाईपाची भिंत दीड-दोन मिलिमीटरची असते, तेवढंच कापायचंय, चकती खोल घालून दाबायची गरजच नाही. काप पण सरळ येतो आणि चकती जास्त टिकते. चकती कापात सरळ ठेवा, कापता कापता वाकडी करून रेघेवर आणायला गेलं की पातळ चकती तिथेच फुटते. आणि मशीन सरकवायचं ते चकती त्याला जिकडे ओढू बघते तिच्या उलट दिशेने. एखाद्या रद्दी तुकड्यावर हलकं टेकवून बघा, लगेच हाताला कळेल ते कुठे पळायला बघतंय. त्या दिशेने त्याला जाऊ दिलं तर ते कापातून उडी मारून बाहेर येतं. तुमच्या मशीनच्या डोक्यावर फिरण्याचा बाण असेल, तो पण बघून ठेवा.

एक राहिलं, तुम्ही जुन्या ग्रिलचं मटेरियल पण वापरणार आहात असं शेवटी लिहिलंय. वेल्ड केलेल्या जुन्या फ्रेममधे ताण कोंडलेला असतो, त्यामुळे आधार कितीही नीट दिला तरी काप संपताना ती कट्‌कन मिटू शकते किंवा फाकू शकते. ते काम पहिल्या दिवशी करू नका. हात बसल्यावर करा, आणि काप पाऊण झाला की मशीन बंद करून, थांबू देऊन, कापात पातळ पाचर ठोका, मग पुढचं कापा.

आता गार्ड. दुकानवाल्याने जे सांगितलं ते मला गेली २६ वर्षं ऐकायला मिळतंय आणि प्रत्येक वेळी राग येतो, कारण तो काउंटरच्या पलीकडे असतो आणि चकती गिऱ्हाईकाच्या तोंडासमोर फुटते. गार्ड फिरतं. त्याचा बंद भाग तुमच्या अंगाकडे आणि उघडा भाग कामाकडे अशा कोनात ते आवळायचं, मग रेघ पण दिसते, ठिणग्या पण पलीकडे जातात आणि चकती फुटली तर तुकडे त्या पत्र्यावर आपटतात. साईड हँडल पण काढलेलं असेल तर तेही परत लावा, ते मशीन पेलायला नसतं, उसळलं तर आवरायला असतं. दोन्ही हात मशीनवर, आणि तोंड, छाती, मांडी यातलं काहीही चकतीच्या रेषेत नको, एक पाऊल बाजूला उभं राहायचं. मशीन उसळतं आणि चकती फुटते ती याच रेषेत. ही एक सवय लावली तर बाकी चार चुका पोटात जातील.

गार्ड काढायचं दुसरं एक कारण असतं जे दुकानवाले बोलत नाहीत, ते म्हणजे ४ इंची मशीनला ५ इंची चकती लावायची असते. तुम्ही चकतीचा साईझ लिहिलेला नाही, म्हणून जरा तपासा. ४ इंची चकतीचं भोक १६ मिलिमीटरचं असतं, ५ इंचीचं २२ च्या वर. मोठ्या भोकाची चकती छोट्या फ्लँजवर, म्हणजे मशीनवर चकती जिथे बसते त्या वाटीवर, बसवली की ती मधोमध बसत नाही, फिरताना थरथरते, आणि एवढ्या स्पीडला थोडी थरथर सुद्धा पुष्कळ झाली. चकतीवर जास्तीत जास्त आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, छापलेला असतो. चांगल्या ४ इंची कटिंग व्हीलवर १५ हजारांच्या आसपास, ५ इंचीवर १२ हजारांच्या जरा वर, आणि ७ इंचीवर साधारण साडेआठ हजार. हा आकडा मशीनच्या आरपीएमपेक्षा मोठाच पाहिजे. ७ इंची चकती ४ इंची मशीनला लावलेली मी साईटवर बघितलीये, ती फुटायची वाट बघत फिरत असते.

त्याच चकतीच्या मधल्या लोखंडी रिंगवर महिना-वर्ष कोरलेलं असतं, ती एक्सपायरी. लोक हसतात की चकतीला कसली एक्सपायरी, पण हे दगडाचे कण रेझिनने चिकटवलेले असतात आणि रेझिन वयाने आणि ओलीने कमजोर होतं, म्हणून कंपन्या साधारण तीन वर्षं धरतात. तुमच्याकडे कोकणात तर पावसाळाभर उघड्यावर पडलेली चकती मी लावणारच नाही. झाकणाच्या डब्यात, आडवी, कोरड्या जागी ठेवा. हातातून फरशीवर पडली, कड उडाली, चीर दिसली तर फेकून द्या. एक चकती वडापाव-चहाच्या पैशात येते.

कटिंगची चकती वेगळी, घासायची वेगळी हे पण लक्षात असू द्या. कटिंगची एक-सव्वा मिलिमीटर जाडीची, तिच्या बाजूने घासायचं नाही, बर, म्हणजे कापाच्या कडेला राहिलेली धारदार कपची, काढायला सुद्धा नाही. घासायला ती जाड, मधे खोलगट ६ मिलिमीटरवाली, आमच्याकडे तिला डीसी व्हील म्हणतात. काम बदललं की चकती बदला, कंटाळा आला तरी. बदलताना प्लग काढून. बटण बंद आहे एवढ्यावर भागवायचं नाही, प्लग बोर्डातून बाहेर आणि डोळ्यासमोर. नट पान्याने आवळायचा, हातोडीने ठोकायचा नाही. नवी चकती लावली की मशीन अंगापासून लांब, कुणी नाही अशा दिशेला धरून अर्धा-एक मिनिट रिकामं फिरवायचं. फुटायची असेल तर बहुतेक वेळा तिथेच फुटते.

बटणावरून एक गोष्ट आठवली ती सांगतो, कारण तुमच्याकडे पण लाईट जाते असं तुम्ही म्हणालात. २००५-०६ च्या पुढची भारनियमनाची वर्षं आठवत असतील. दुपारी लाईट गेली, आमच्या हेल्परने ग्रायंडर टेबलावर ठेवला आणि सगळे चहाला बसले. या ४ इंची मशीनना सरकवायचं बटण असतं, पुढे ढकललं की अडकून राहतं, ते तसंच पुढे राहिलं. दीड-दोन तासांनी लाईट आली आणि मशीन आपोआप सुरू झालं, टेबलावरून नाचत खाली पडलं, आणि खाली पाय पसरून बसलेल्या पोराच्या नडगीला लागलं. सात टाके. चूक माझी होती, कारण तोपर्यंत मी कुणाला नियम घालून दिलेला नव्हता. त्या दिवसापासून आमच्याकडे लाईट गेली की पहिलं काम प्लग उपसणं, मग बाकीचं. तुमच्या मशीनचं बटण कसलं आहे बघा. पॅडलवालं, म्हणजे हात सुटला की बंद होणारं असेल तर उत्तम. आताच्या काही मशीनमधे लाईट परत आली तरी बटण एकदा मागे घेतल्याशिवाय चालू होत नाही अशी सोय असते. तुमच्यात नसेल तर प्लग उपसायची सवय हाच उपाय. आणि बटण बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते, ती पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही, मांडीवर तर कधीच नाही.

आता करंट. ईएलसीबी लावायला पाहिजे का, तर हो, आणि या ग्रायंडरमुळे नाही, घरात मुलं-माणसं राहतात म्हणून. दुकानात आरसीसीबी म्हणून मागा, ३० मिलिअँपचा. लोकांना वाटतं बोर्डात एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून वाचलो. तसं नाही. १६ अँपचा एमसीबी १६ अँपच्या वर करंट गेला तर पडतो, तो वायर जळू नये म्हणून आहे. माणसाचं हृदय बंद पडायला एका अँपचा दहावा हिस्सा सुद्धा पुरतो, तेवढ्याने एमसीबी हलणारही नाही. आरसीसीबी वेगळं काम करतो, फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का हे तो बघत असतो. थोडा जरी कमी आला, म्हणजे तो कुठूनतरी, कदाचित तुमच्या अंगातून, जमिनीत चाललाय, की सेकंदाच्या छोट्या हिश्श्यात बंद. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर त्याला काही कळत नाही, आणि जादा लोड पण त्याला कळत नाही, म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. बसवायचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. त्याच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर बदला. जुन्या घरात आरसीसीबी लावल्यावर तो सारखा पडायला लागला तर वायरमन म्हणेल बायपास करू, ते करू देऊ नका, कुठेतरी खरंच गळती आहे, ती शोधायला सांगा.

तुमच्या मशीनच्या वायरला थ्री पिन नाही, दोनच पिना आहेत म्हणून तुम्ही घाबरलाय. नेमप्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते डबल इन्सुलेटेड आहे, त्याला अर्थिंग लागत नाही, ते ठीक आहे. पण ते कोरडं असेपर्यंतच. गच्ची ओली, पायात स्लीपर, वळवाचा पाऊस येऊन गेलाय, अशात काम करायचंच नाही. मे महिन्यात दुपारनंतर तुमच्याकडे आभाळ भरून येतं, तर सकाळी कापून घ्या.

एक्स्टेन्शन बोर्डचं वाचून मला जास्त काळजी वाटली. जुन्या पंख्याची वायर टेपने जोडून लांब केलीये आणि एका टोकाला प्लगच्या ऐवजी वायरी खुपसून आगपेटीच्या काड्या लावल्यात, हे आजच्या आज बंद करा. कापताना वायर ओढली जाते, काडी निघते, एक वायर बाहेर येते आणि ती कशाला लागेल याचा नेम नाही, तुमच्या केसमधे खाली लोखंडी पाईपांचा ढीग पडलाय. दीड स्क्वेअर एमएमची तीन कोअरची अख्खी एक वायर घ्या, नीट थ्री पिन टॉप लावा. ८५० वॅट म्हणजे पावणेचार अँप, त्याला ही भरपूर झाली. पुढे कधी १४ इंची कटऑफ मशीन भाड्याने आणलंत तर ते २ हजार वॅटच्या वर असतं, त्याला १६ अँपचाच सॉकेट आणि अडीच स्क्वेअर एमएमची वायर लागते. रीलवाला बोर्ड असेल तर वायर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली वायर आतून तापते. आणि वायर कायम पाठीमागून येऊ द्या. स्वतःचीच वायर कापलेले ग्रायंडर आमच्याकडे दुरुस्तीला येतात, महिन्याला एखादा तरी.

देव न करो, पण कुणाला शॉक लागून चिकटला तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्याला हात लावायचा नाही. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात आणि १०८ ला फोन. घरातल्या सगळ्यांना मेन कुठे आहे आणि कुठल्या बाजूला बंद होतो हे माहिती पाहिजे, वहिनींना आणि मुलाला आजच दाखवून ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न, ग्लोव्ह्ज. ग्रायंडरला चामड्याचे, बोटांना घट्ट बसणारे, मनगटाशी लोंबकळणारं काही नसलेले. ते विणलेले पांढरे सुती हातमोजे, जे साईटवर सगळ्यांच्या हातात असतात, ते फिरणाऱ्या वस्तूजवळ मला नकोच वाटतात, एक धागा अडकला की सगळा हात ओढला जातो. ड्रिल मशीनवर तर मी कुठलेच ग्लोव्ह्ज घालू देत नाही, त्यात पत्र्याला भोक मारताना तर नाहीच, पत्रा क्लॅम्प करायचा आणि उघड्या हाताने काम. बऱ्याच लोकांचं यावर वेगळं मत असतं, माझं हे आहे. मनगटातला गंडा-दोरा, गळ्यातली माळ, सैल बाह्या, गळ्यातला टॉवेल, सगळं काढून ठेवा. कपडे सुती, नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पायात बूट. चप्पल घालून लोखंड कापू नका, बाकी काही ऐकलं नाही तरी हे ऐका.

डोळ्यांसाठी चष्मा पुरत नाही. तुम्ही नंबरचा चष्मा आहे म्हणालात, त्याच्या बाजूने कण आत येतात. चष्म्यावर बसेल असा बंद गॉगल आणि त्याच्यावर फेस शील्ड, दोन्ही. गॉगल बारीक कण अडवतो, शील्ड चकतीचा तुकडा आला तर चेहरा वाचवते. आणि तरी डोळ्यात गेलंच तर चोळायचं नाही, पाण्याने धुवा, निघालं नाही तर डोळ्याच्या डॉक्टरकडे, त्याच दिवशी. प्रत्येक वर्कशॉपच्या परिसरात एखादा माणूस असतो जो काडीने, रुमालाच्या टोकाने कण काढून देतो, आमच्याकडेही होता, आणि लोक त्याच्या हाताला गुण आहे म्हणायचे. लोखंडाचा कण बुबुळावर एक दिवस राहिला तरी त्याच्याभोवती गंज धरतो, ते काडीने निघत नाही. आमच्या एका वेल्डरचं असंच झालं, तीन दिवस तो काडीवाल्याकडे जात राहिला, आता त्याला त्या डोळ्याने धुरकट दिसतं. कानात इअरप्लग घाला, स्वस्त असतात, माझे कान शिटी मारतात आता रात्री.

लाकडाचं ब्लेड. नाही. यावर मी परिस्थितीवर अवलंबून आहे वगैरे म्हणणार नाही. सुतार प्लाय कापायला मार्बल कटरला टीसीटी ब्लेड, म्हणजे कार्बाइडचे दात असलेलं लाकडाचं ब्लेड, लावतात ते तुम्ही बघितलं असेल, आणि म्हणून ग्रायंडरलाही चालेल असं वाटतं. पण त्या कटरला खाली सपाट प्लेट असते, ती लाकडावर टेकलेली राहते, ब्लेड किती खोल जाणार हे ठरलेलं असतं. ग्रायंडर हातात अधांतरी असतो. दगडी चकती घासत जाते, दातांचं ब्लेड चावतं, आणि प्लायच्या गाठीत एक दात रुतला की मशीन त्याच क्षणी तुमच्याकडे उडी मारतं. दगडी चकती अडकली तर निदान ती तुटून ताकद संपते, लोखंडी ब्लेड तुटत नाही, ते फिरत फिरत येतं. बोटं, मनगट, गळा, अशा जखमा यातूनच होतात. साखळीचे दात असलेली चकती मिळते ती तर त्याहून वाईट. प्लाय किती आहे तुमचं, दोन शीट? दुकानात रेघ मारून द्या, ते पॅनल सॉवर कापून देतात. पुढे वरचेवर लाकूडकाम करायचं असेल तर सर्क्युलर सॉ घ्या.

ठिणग्या किती लांब जातात ते तुम्ही बघितलंच असेल. गच्चीवर गवताच्या पेंढ्या, काथ्याची दोरी, थिनरचा डबा, रंगाची फडकी, कुणाची उभी गाडी, सगळं बाजूला घ्या. खिडकीच्या काचेवर ठिणग्या सतत बसल्या तर काचेत चिकटतात आणि ते डाग निघत नाहीत, पत्रा आड लावा. एक बादली पाणी आणि एक वाळू जवळ ठेवा, आणि काम संपल्यावर अर्ध्या तासाने एक चक्कर मारा, ठिणगी कुठल्यातरी कोपऱ्यात धुमसत असते.

तुमचे किती काप आहेत ते तुम्ही लिहिलंय, ६० च्या आसपास. मी तुमच्या जागी असतो तर सगळे स्वतः केले नसते. मापं नीट काढून, यादी करून जवळच्या फॅब्रिकेटरकडे पाईप टाका, नुसतं कटिंग त्याच्या १४ इंची मशीनवर करून द्या म्हणा, प्रत्येक कापामागे थोडे पैसे घेतो, पूर्ण शेडच्या मजुरीपुढे ते काहीच नाहीत, आणि सगळे काप गुण्यात येतील. तुमच्या ग्रायंडरला मग बर काढणं, वेल्ड घासणं आणि दोन-चार राहिलेले काप एवढंच उरेल. सुरुवात करायला तेवढं काम योग्य आहे.

आणि मुलाला मदत करायचीये तर करू द्या, त्याला हाकलू नका, तो शिकेल. फक्त पाईप धरायला नाही. गॉगल घालून दहा फुटांवर, ठिणग्यांच्या उलट बाजूला, बोर्डाच्या बटणाजवळ उभा करा, आणि त्याला सांगा की बाबांनी हाक मारली, मशीन पडलं किंवा काहीही विचित्र वाटलं की न विचारता बटण बंद करायचं. चुकून बंद केलं तरी त्याला ओरडू नका.